कर वाढतो पाकिटावर, पोरं घेतात सुटी सिगारेट

दुकानदारीण

नमस्कार मंडळी. ह्या फोरमवर मी बहुतेक वेळा नुसती वाचते. आज लिहितेय, कारण गेले काही आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मिरजेच्या बाजूला एका गावात आमचं जनरल स्टोअर आहे. सासऱ्यांनी १९८४ साली सुरू केलेलं. वह्या, साबण, बिस्किटं, रिचार्ज, आणि गल्ल्याच्या डाव्या हाताला काचेच्या छोट्या कपाटात सिगारेट. सासरे गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते. दुकानावरून ज्युनिअर कॉलेजची पोरं येता-जाता दिसतात.

मागच्या वर्षी जूनमध्ये, अ‍ॅडमिशनच्या गर्दीत, लाइनवर येणारा सेल्समन एक नवीन पाकीट घेऊन आला. निळं-हिरवं, चकचकीत. फिल्टरमध्ये पुदिन्याची गोळी, चिमटीत दाबली की टक् आवाज होतो आणि चव बदलते. त्याने माझ्यासमोर दाबून दाखवली. दहा पाकिटांवर एक पाकीट फुकट, ही स्कीम दोन महिने. आणि वर म्हणाला, "वहिनी, फुकटच्या पाकिटातली सुटी विका. नगामागे दोन रुपये कमी लावा. एकदा चव लागली की पोरं पुढं ह्यालाच येतात." हे तो इतक्या सहज बोलला, जसं काही नवीन शाम्पूचं पाऊच आहे.

मी तो माल घेतला. खोटं कशाला बोलू. दुकान चालवायचं म्हणजे स्कीम सोडायची नाही, ही सवय अंगात मुरलेली असते.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक मुलगा आला. सोळा वर्षांचा असेल. गळ्यात अजून दहावीच्या शाळेचं आयकार्ड, बहुतेक दाखला आणायला गेला होता. दहा रुपयांचं नाणं काचेवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "काकू, ती टक् वाजणारी आहे का?" ब्रँडचं नाव त्याला माहीत नव्हतं. आवाज माहीत होता. मी नाही म्हटलं. तो नाणं उचलून समोरच्या टपरीवर गेला. तिथं खांबाला काथ्याची पेटती दोरी लटकवलेली असते, तिच्यावर त्याने सिगारेट लावली. खोकला. सोबतचे दोघं हसले. तिघांनी मिळून ती एकच संपवली.

त्या रात्री मी उधारीची नाही, मालाची वही काढून बसले. दरवेळी कर वाढला, भाव वाढले की आमच्याकडे काय होतं? एकूण विक्री थोडी खाली येते, हे खरं. पण मोठी सिगारेट पिणारा छोटीवर उतरतो, पाकीट घेणारा सुटीवर येतो, आणि नेमकं त्याच महिन्यात खालच्या ब्रँडवर नवी स्कीम येते. सरकार एका हाताने भाव वर ढकलतं आणि माल खपवणारे दुसऱ्या हाताने तो नवीन गिऱ्हाइकापुरता खाली ओढून धरतात. जुनं गिऱ्हाईक काही झालं तरी घेणारच, त्याला सवलत कशाला देतील? सवलत त्यालाच, ज्याला अजून सवय लागलेली नाही.

ऑगस्टपासून मी सिगारेट ठेवणं बंद केलं. तो विषय वेगळा. मला विचारायचंय ते हे: करवाढीचा हेतू पोरांना लांब ठेवणं असेल, तर ह्या सवलतींवर कुणाचा हात का नाही? तुमच्याकडे काय बघितलंय ते लिहा.

*

कोरा_कागद

ताई, फार चांगलं लिहिलंत. मी कर-सल्लागार आहे, जीएसटीचीच कामं करतो, म्हणून आकड्यांची बाजू मांडतो.

आपल्याकडे सिगारेटवरचा कर लांबीवर ठरतो. ६५ मिलिमीटर, ७० मिलिमीटर, ७५ मिलिमीटर अशा पायऱ्या आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा २८ टक्के कर आणि वर भरपाई उपकर (राज्यांचा बुडालेला महसूल भरून द्यायला लावलेला जादा कर) बसला, तोही ह्याच पायऱ्यांनी. तेव्हा एक गंमतशीर नव्हे, गंभीर गोष्ट घडली होती: नव्या रचनेत एकूण कराचा बोजा आधीपेक्षा कमी भरत होता. फरक कंपन्यांच्या खिशात जाणार हे लक्षात आल्यावर जीएसटी परिषदेने १७ जुलैला, म्हणजे तिसऱ्याच आठवड्यात, हजार नगांमागे ४८५ ते ७९२ रुपयांनी उपकर वाढवला.

आता १ फेब्रुवारी २०२६ पासून भरपाई उपकर गेला. सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि त्याखेरीज केंद्रीय उत्पादन शुल्क, हजार नगांमागे २,०५० पासून ८,५०० रुपयांपर्यंत. पायऱ्या मात्र तशाच. म्हणजे सगळ्यात आखूड सिगारेटवर नगामागे दोन रुपयांच्या आसपास शुल्क आणि सगळ्यात वरच्या पायरीवर साडेआठ.

ह्या पायऱ्यांमुळेच बाजारात ६४ मिलिमीटरची फिल्टर सिगारेट आहे. ६५ ची रेघ आहे, म्हणून ६४. एक मिलिमीटर कमी केला की माल खालच्या पायरीवर जातो, आणि पहिल्यांदा ओढणाऱ्याला परवडेल अशा भावात बसतो. ती कुठल्याही अर्थाने कमी घातक नाही. तुमच्या वहीत गिऱ्हाईक मोठीवरून छोटीवर उतरतं असं तुम्ही लिहिलंत, त्याला उतरायला जिना आपल्या करपद्धतीनेच बांधून दिलाय.

माझं मत स्पष्ट आहे. लांबी कितीही असो, नगामागे एकच शुल्क हवं. फिलिपाइन्सने २०१२ मध्ये कायदा करून आपल्या निरनिराळ्या पायऱ्या हळूहळू एकाच दरात आणल्या. अशक्य काही नाही.

*

हडसनकाठ

कोरा_कागद यांचा प्रतिसाद वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली.

मी २००६ मध्ये एमएस करायला अमेरिकेत आलो. माझा रूममेट, आपलाच, नागपूरचा, भारतात असताना कधीतरीच ओढायचा. एका बारमध्ये सिगारेट कंपनीची माणसं उभी होती. त्यांनी त्याचं लायसन्स स्कॅन केलं, एक लायटर दिला, पत्ता घेतला. पंधरवड्यात आमच्या पत्रपेटीत जाड कागदाचं सुंदर पाकीट आलं. आत कुपनं. एका पाकिटावर एक डॉलर सूट, दोन घेतली तर एक फुकट. मग दर महिन्याला. वाढदिवसाला तर खास शुभेच्छापत्र आणि जास्त सवलतीचं कुपन. घरून आईचा फोन यायच्या आधी त्या कंपनीचं कार्ड येऊन पडलेलं होतं. विद्यार्थ्याच्या पैशांत रोज सिगारेट परवडणारी नव्हती, कुपनांमुळे परवडायला लागली. वर्षभरात तो दिवसाला एक पाकिटावर गेला.

१ एप्रिल २००९ ला इथला केंद्रीय कर पाकिटामागे ३९ सेंटवरून एक डॉलर एक सेंटवर गेला. मला वाटलं आता तरी सोडेल. कुपनं वाढली. इथे सिगारेट कंपन्या विक्रीवाढीवर जो खर्च करतात त्याचा हिशेब फेडरल ट्रेड कमिशन हे व्यापारावर नजर ठेवणारं सरकारी खातं दरवर्षी मागवतं आणि छापतं. त्यात अर्ध्याहून कितीतरी जास्त रक्कम जाहिरातींची नसते, दुकानदार आणि घाऊक विक्रेत्यांना भाव उतरवण्यासाठी दिलेल्या पैशांची असते. दुकानदारीण ताईंना जे फुकटचं अकरावं पाकीट मिळालं, तेच इथे अब्जावधी डॉलर्समध्ये चालतं.

यावर उपाय झालाय, तोही माझ्या डोळ्यांदेखत. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराने २०१२ मध्ये कुपनं आणि जास्त पाकिटांवरची सूट बंद केली. कंपन्या कोर्टात गेल्या, २०१३ मध्ये अपील कोर्टात शहर जिंकलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने कायदा केला: कुठलीही सवलत चालणार नाही, आणि सिगारेटचं पाकीट साडेदहा डॉलरच्या खाली विकायचंच नाही. २०१८ मध्ये ती किंमत तेरा डॉलर झाली. म्हणजे कर भरूनही खालून भाव पाडायला जागा ठेवली नाही.

आपल्याकडे एमआरपी आहे. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यापेक्षा कमी घ्यायला कुणाची मनाई नाही. इतर मालाला हे ठीक आहे. सिगारेटला उलटं हवं, खालची मर्यादा हवी.

*

चंद्रपुरी

माफ करा, पण आमच्याकडे सिगारेट ओढतो कोण? इकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटतात आणि शाळेतली पोरं दप्तरात ठेवतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले होते. गुटखा बंद झाला २०१२ मध्ये, खर्रा सुरूच आहे. घोटणारा बिल देत नाही, पाकीट नाही, बारकोड नाही. त्यावर तुमची करवाढ पोचणार कशी? धागा सिगारेटवर आहे हे समजतं, पण इथला आजार वेगळा आहे हे नोंदवून ठेवतो.

*

दुकानदारीण

चंद्रपुरीदादा, अगदी बरोबर आहे तुमचं. आमच्याकडेही मावा घोटून देणारे आहेत आणि तिथेही पहिल्या दिवशी पोराला चिमूटभर "चाखून बघ" म्हणून देतात. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते लिहायला. खर्ऱ्याचा सगळा कारभार पाहिलेला माणूस इथे तुमच्याशिवाय नाही.

कोरा_कागद, ६४ मिलिमीटरचं आज कळलं. इतकी वर्षं विकली, पट्टी लावून कधी बघितली नाही. "छोटी" म्हणायचो, एवढंच.

*

एकवीसनंबर

मी ओढतो. चोवीस वर्षं. इथे सगळे न ओढणारे बोलतायत म्हणून लिहितो, वाद घालायला नाही.

पुण्यात डिप्लोमाला होतो, सतरा वर्षांचा. पहिली दोन वर्षं मी पाकीट विकतच घेतलं नाही. कटिंग चहा आणि एक सुटी, तीही तिघांत. पहिले झुरके मित्राचे, मधले माझे, शेवटचे तिसऱ्याचे. वर्गणी काढायचो. पाकीट घेण्याएवढे पैसे एकदम खिशात असते तर मेसचं बिल भरलं असतं. त्यामुळे कर पाकिटावर किती वाढला हे मला कधी कळलंच नाही. टपरीवाला नगावर आठ आणे वाढवायचा, तेवढे निघायचे.

आता पाकिटावर मोठं भयंकर चित्र असतं. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याचा आहे. पण सुटी घेणाऱ्याच्या हातात चित्र येतच नाही. टपरीवाला पाकीट फळीखाली ठेवतो, बोटांत धरून एक नग पुढे करतो. मला माझ्याच सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र नीट दिसलं ते नोकरी लागल्यावर, पूर्ण पाकीट घ्यायला लागलो तेव्हा. तोवर उशीर झाला होता.

महाराष्ट्र सरकारने २४ सप्टेंबर २०२० ला सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातली. मी त्यानंतर सुटी घेतलेली आहे, शेकडो वेळा. एकाही टपरीवाल्याने नाही म्हटलं नाही.

करवाढीने मी सोडली का? नाही. कमी झाली, दोनदा. दोन्ही वेळा नवीन स्वस्त ब्रँडवर गेलो आणि संख्या परत वर आली. ताईंनी वहीतून जे लिहिलंय, तो वहीतला माणूस मीच समजा. माझा मुलगा आता सातवीत आहे. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी सांगतो: सुटी बंद करा. बाकी सगळं नंतर.

*

पार्लेकर_जुने

अंधेरीला चकाल्यात अजून बसचा थांबा आहे, "सिगारेट फॅक्टरी". पार्ल्यात आमच्या घराजवळ गोल्डन टोबॅकोचा कारखाना होता. पहाटे तिकडून ओल्या तंबाखूचा वास यायचा, आम्हाला तो आवडायचा. एवढं ते सगळं रोजच्या आयुष्यात मिसळलेलं होतं.

आमच्या काळी फुकट नमुने उघड वाटायचे. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक सिगारेटच्या नावाने खेळला गेला आणि आम्हाला त्यात काही खटकलं नाही. मुंबईच्या मुरली देवरांनी जनहित याचिका केली, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, जाहिराती बंद झाल्या. क्रिकेट सुटलं, होर्डिंग गेली. तेव्हा वाटलं होतं, जिंकलो. जाहिरात कपाटातून आणि किमतीतून करता येते हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

टपरीवरच्या जाहिरातीच्या फलकाचंच बघा. त्या कायद्याखालच्या नियमांत फलक ६० बाय ४५ सेंटिमीटरचा ठरला, ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र टाकायचं नाही असंही ठरलं. त्याला मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली २०१३ मध्ये. तेवढी वर्षं फलक उजळत राहिले. एक पिढी अकरावीतून नोकरीला लागली तेवढ्यात.

*

सडेतोड_नगर

मला विरुद्ध बाजू मांडायचीय, रागावू नका.

एक. कर फार वाढला की चोरटा माल येतो. आमच्या शहरात विदेशी सिगारेट, ज्यावर चित्राचा इशाराही नाही, निम्म्या भावात मिळते. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून वर्षानुवर्षं साडेबारा टक्क्यांनी कर वाढवला, आज तिथे काळ्याबाजाराच्या टोळ्या दुकानं जाळतायत.

दोन. गरिबाची एकच चैन, तिच्यावरच कर. श्रीमंताला काय फरक पडतो?

तीन. दुकानदाराला स्कीम मिळते ती त्याची कमाई. सिगारेटवर मार्जिन तुटपुंजं असतं. ती काढून घेतली तर टपरीवाला खाणार काय?

*

सोलापूरची_सिस्टर

सडेतोड यांच्या दुसऱ्या मुद्द्याला मी उत्तर देते, कारण मी रोज तीच माणसं बघते.

गरिबाची चैन म्हणता, ती सिगारेट नाही, बिडी आहे. चंद्रपुरींनी सांगितलेल्या त्याच सर्वेक्षणात देशात ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढत होते आणि ४ टक्के सिगारेट. बिडीवर कर आधीच कमी. भरपाई उपकर तिला कधी लागलाच नाही, आणि सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटीही २८ वरून १८ वर आणायचं ठरलं. म्हणजे गरिबाला सवलत दिली की नाही? दिली. कसली? स्वस्तात मरायची. माझ्या दवाखान्यात दम्याचे, पायाला गँगरीन झालेले, घशाला गाठ असलेले जे पुरुष येतात, त्यांच्या खिशात बिडीचा कट्टा असतो, आणि पुढच्या तपासणीला जायला बसभाडं नसतं.

कारण मात्र विड्या वळणाऱ्या बायकांचं सांगितलं जातं. आमच्या सोलापुरात हजारो जणी वळतात. कुंभारीला त्यांच्यासाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने वसाहत उभी राहिली, ती लढून मिळवलेली घरं आहेत. त्या बायकांबद्दल मला किती आदर आहे हे इथे लिहून कळणार नाही. सूप मांडीवर, पान कात्रीने कापायचं, चिमूट तंबाखू, दोरा, दिवसभर मान खाली. त्यांच्या छातीत तीच धूळ जाते. कर कमी झाला म्हणून त्यांची हजार विड्यांमागची मजुरी वाढली, असं एकीनेही मला सांगितलेलं नाही. कर वाढवा आणि तो पैसा त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत त्यांच्यावर खर्च करा, हे बोलायला कुणी तयार नाही.

*

कोरा_कागद

सडेतोड, पहिल्या मुद्द्याचं. ऑस्ट्रेलियाचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि त्याकडे डोळेझाक करणं चुकीचं ठरेल. पण तिथे आणि इथे कराचा भार सारखा नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के हवा. जीएसटीच्या गेल्या रचनेत आपल्याकडे सिगारेटमध्ये तो निम्म्याच्या थोडा वर होता, आणि चोरटी सिगारेट तेव्हाही टपरीवर होतीच. ती बंदरावर आणि गोदामात धरायची असते. ती येते म्हणून कायदेशीर माल स्वस्त ठेवायचा, हा उपाय मला पटत नाही.

कर वाढल्याने पोरं खरंच थांबतात का, यावर सगळ्यात भक्कम साक्ष सिगारेट कंपनीचीच आहे. अमेरिकेतल्या खटल्यांत त्यांची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. फिलिप मॉरिसमधल्या मायरन जॉन्स्टन या संशोधकाने १९८१ मध्ये लिहून ठेवलं होतं की आजचा किशोर हाच उद्याचा नेहमीचा ग्राहक. त्यांचंच १९८७ चं एक टिपण आहे. त्यात हिशेब मांडलाय की १९८२-८३ च्या दरवाढीमुळे वीस लाख प्रौढांनी सिगारेट सोडली आणि सहा लाख किशोरवयीन मुलांनी सुरूच केली नाही. कंपनीच्या दृष्टीने हा तोटा होता, आणि पुढच्या करवाढीच्या वेळी तो पुन्हा होऊ द्यायचा नाही यासाठी ते टिपण होतं.

१९९३ चंही सांगतो. २ एप्रिलला, शुक्रवारी, त्याच कंपनीने मार्लबोरोच्या पाकिटाची किंमत एकदम ४० सेंटनी उतरवली. शेअर बाजारात कंपनी एका दिवसात जवळजवळ पाव हिश्शाने घसरली, लोक म्हणाले वेडेपणा केला. पण स्वस्त ब्रँडकडे गेलेलं गिऱ्हाईक परत आलं. अमेरिकेत शाळकरी मुलांमधलं धूम्रपान त्या दशकात चढत गेलं, १९९१ मध्ये २७.५ टक्के होतं ते १९९७ मध्ये ३६.४ टक्के. सगळं एका किमतीमुळे झालं असं मी म्हणत नाही, कॅमल सिगारेटच्या जाहिरातींतला तो उंटही तेव्हा जोरात होता. पण पोरगं भाव बघतं हे दोन्ही बाजूंना माहीत आहे.

*

दुकानदारीण

सडेतोडदादा, रागावत नाही. तिसरा मुद्दा माझ्याच पोटाचा आहे, म्हणून मीच सांगते.

सिगारेटवर मार्जिन कमी, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच स्कीम चालते. मार्जिन मुद्दाम इतकं बारीक ठेवलेलं असतं की दुकानदाराची खरी कमाई त्या अकराव्या पाकिटातच असते. आणि अकरावं पाकीट मिळायचं तर दहा खपवावी लागतात. जुनं गिऱ्हाईक आपला ब्रँड सोडत नाही, मग नवीन माल मी खपवणार कुणाला? नवीन माणसालाच. म्हणजे कंपनीने पोराला काही दिलं नाही, पोराला मी दिलं. कायद्यात सापडलं तर कोण? मी. अठराच्या आतल्याला विकलं तर २००३ च्या कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि लाखापर्यंत दंड. त्या सेल्समनला ह्यातलं काही नाही. त्याची मोटारसायकल तोवर पुढच्या गावात गेलेली असते. पोरगा तोही वाईट नव्हता, टार्गेट पूर्ण झालं नाही तर त्याचा पगार कापला जायचा.

सिगारेट काढल्यावर माझा गल्ला कमी झाला. किती ते इथे लिहीत नाही, पण जाणवण्याइतका. पहिले दोन महिने नेहमीची माणसं आत यायची, कपाट रिकामं बघून चहापत्तीही न घेता जायची. आता त्या कपाटात पेन, कंपास आणि ग्राफबुकं ठेवलीयत. भरून निघालं असं नाही. चाललंय.

*

हडसनकाठ

ताई, तुम्ही जे केलंत ते सोपं नाही. मनापासून नमस्कार.

एक राहिलं. इथे २००९ च्या कायद्याने वीसपेक्षा कमी सिगारेटचं पाकीट विकता येत नाही, आणि फुकट नमुने २०१० पासून बंद आहेत. पोराला सुरुवात करायची तर एकदम मोठी रक्कम मोजावी लागते. कर परिणाम करतो तो अशा ठिकाणी. आपल्याकडे दहाचं पाकीट, त्यातून एक सुटी, आणि त्या एकीवर दोन रुपये कमी. कराचा धक्का इतक्या तुकड्यांत वाटला जातो की पोरापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं काही उरत नाही.

रूममेटचं कुणी विचारलं नाही, पण सांगतो. त्याने २०१५ मध्ये सोडली, मुलगी झाली तेव्हा. कुपनं त्यानंतरही येत राहिली. पत्ता बदलला, नवीन पत्त्यावर आली.

*

सडेतोड_नगर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्कीमबद्दल माझं म्हणणं मागे घेतो. टपरीवाल्याचं पोट मला दिसत होतं, त्याच्या हातून कोण काम करवून घेतंय ते दिसत नव्हतं. चोरट्या मालाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. धाडी पडल्याशिवाय कर एकटा काही करू शकणार नाही.

*

फळा_खडू

मी शिक्षिका, सातारा जिल्ह्यात, माध्यमिक शाळा. तीन दिवस हा धागा वाचतेय.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्री नको, हा नियम आम्ही दरवर्षी कागदावर भरतो. "आहे का? नाही." सही, शिक्का. मीही केलीय ती सही.

एकवीसनंबर यांचा प्रतिसाद वाचल्यावर काल शाळा सुटल्यावर पीटीच्या सरांकडून लांबीउडीचा टेप मागितला. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. नववीच्या दोन मुली टेप धरायला आल्या. गेटपासून पहिली टपरी ३८ मीटरवर निघाली. दुसरी ७१ वर. पहिल्या टपरीवर गेलो तेव्हा दोरीला बांधलेला लायटर होता, आणि बरणीत, चॉकलेटच्या शेजारी, सुट्या सिगारेट उभ्या ठेवलेल्या. मुलींना तिथून लगेच पाठवलं. टपरीवाले काका मला ओळखतात, त्यांची नात आमच्याकडे सहावीत आहे. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बाई, बरणी आत ठेवतो."

मी म्हटलं, आत नको, काका.

सोमवारी मुख्याध्यापकांना घेऊन परत जाणार आहे. शाळेच्या भोवती पिवळी रेघ मारायची असते, ती आमच्याकडे कधीच मारलेली नाही. ऑइल पेंट आणि ब्रश आज आणलाय. दुकानदारीण ताई, एक विचारायचंय. तुम्ही कपाट रिकामं केलंत तेव्हा पहिल्या महिन्यात काय ठेवलंत त्यात, आणि कोणता माल खरंच खपला? काकांना नुसतं बंद करा म्हणायला मला जीभ होत नाही. काहीतरी हातात घेऊन जायचंय.

*

दुकानदारीण

बाई, लगेच सांगते. जेल पेनं, खोडरबर, कंपासची सुटी टोकं, दोन आणि पाच रुपयांची राजगिरा वडी, चिक्की, परीक्षेच्या दिवसांत पॅड आणि पुरवण्यांचे दोरे. वडी आमच्या इथल्या बचत गटाकडून घेते, त्यावर मार्जिन सिगारेटपेक्षा जास्त सुटतं आणि न खपलेली त्या परत घेतात. पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा. शाळेसमोर असेल तर प्रोजेक्टचा रंगीत कागद ठेवायला सांगा, आदल्या रात्री पोरांना आठवतं आणि सकाळी धावत येतात. आमच्या गटाच्या बायकांना विचारून ठेवते, सातारच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर तुम्हाला निरोप करते. काकांना म्हणावं, पहिले दोन महिने जड जातात.